पृष्ठभाग वाचायला इंदूर दूर नाही

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चांगला पाऊस झाला की त्या मिटतात. ही करामत माँटमोरिलोनाइटसारख्या खनिजांची. जेमतेम एक नॅनोमीटर जाडीच्या त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, सुकले की आक्रसते. पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि ग्रीसमध्ये मिसळले जाणारे मॉलिब्डेनम डायसल्फाइड हेही असेच थरांचे पदार्थ.

असा पदार्थ हवेत गंजला का, कशाशी जोडला गेला, हे आधी कळते ते पृष्ठभागावर. त्यासाठी इलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी आहे. नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात, त्यामुळे खरी खबर मिळते ती वरच्या काही नॅनोमीटरचीच. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या काय सिगबान यांना या तंत्रासाठी १९८१ चे नोबेल मिळाले.

खानदेशाला हा विषय परका नाही. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात वायू ओळखणाऱ्या संवेदकांवर संशोधन झाले आहे, आणि संवेदकाचे काम चालते पृष्ठभागावरच. मग असे यंत्र इथेच आणावे का? त्याची किंमत कोटींत जाते. शिवाय ही मोजणी अतिनिर्वातातच होते, आणि तो टिकवायचा तर पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. प्रत्येक महाविद्यालयाने हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून काही तासांत इंदूर गाठता येते. तिथल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे तीव्र किरण पुरवणारे सिंक्रोट्रॉन आहेत, फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीची सोयही आहे. विद्यापीठांतील संशोधकांना अशा राष्ट्रीय सुविधा वापरता याव्यात, यासाठीच इंदूरला विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची (यूजीसी-डीएई) संस्था काम करते.

खरी अडचण यंत्राची नाही, आलेख वाचण्याची आहे. मोजलेल्या ऊर्जेवरून इलेक्ट्रॉनांच्या बंधन-ऊर्जेचा आलेख काढतात. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडमधील मॉलिब्डेनमचे शिखर सुमारे २२९ इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसते. पूर्ण ऑक्सिडीकरण झाले की ते २३२ च्या पुढे सरकते. शेजारीच, २२६ च्या आसपास, गंधकाचे शिखर असते. नवख्याची गफलत होते ती इथेच. चिकणमाती विद्युतरोधक असल्याने मोजतानाच तिच्यावर धनभार साचतो आणि सगळी शिखरे सरकतात. हवेतून आलेल्या नमुन्यावर कार्बनचा पातळ लेप बसलेला असतो, तो वेगळाच. चुकीच्या वाचनावर बेतलेले निष्कर्ष जगभरच्या शोधनिबंधांतही सापडतात.

म्हणून जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने जळगाव, धुळे, नंदुरबारच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आलेख-वाचनाची नियमित कार्यशाळा घ्यावी. नमुने हवाबंद नेण्याची शिस्त लावावी आणि इंदूरला मोजणीचा वेळ मिळवण्यासाठी महाविद्यालयांचे एकत्रित प्रस्ताव पाठवावेत. कोट्यवधींच्या खरेदीआधी एवढे झालेच पाहिजे.