कानाची पारख पडद्याआडून



या वेळी पवनारहून आलेला प्रश्न बियाण्याचा नाही, फवारणीचाही नाही. तो एका भजन मंडळाचा आहे. कापसाचे चुकारे हाती आले, वर्गणी जमली आणि मंडळाने नवा माईकसेट घ्यायचे ठरवले. वर्ध्याच्या बाजारात दोन सेट पाहिले. एक १८ हजारांचा, दुसरा ४१ हजारांचा. जाणती मंडळी म्हणतात, महागाचा आवाज भरीव आहे. हिशेब ठेवणारा तरुण म्हणतो, मला दोन्ही सारखेच वाटतात. आता मंडळात दोन तट पडले आहेत. गुरुवारच्या भजनालाही काही जण येईनासे झाले आहेत. "साहेब, तुम्हीच येऊन ऐका आणि निकाल द्या," असे त्यांनी लिहिले आहे.

मी येऊन उपयोग नाही. किंमत कानावर पडली की माझे कानही तिच्याकडेच झुकतील. पण हा निकाल गावातच कसा लावता येतो ते सांगतो. त्याला खर्च लागतो एका धोतराचा आणि एका नाण्याचा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. भांडणारी दोन्ही माणसे खरे बोलत आहेत. ज्याला महागाचा आवाज भरीव वाटतो त्याला तो खरोखरच तसा ऐकू येतो. माणूस नुसत्या कानाने ऐकत नाही. डोळ्यांनी पाहिलेला मोठा डबा, त्यावरचे लुकलुकणारे दिवे, कंपनीचे नाव, किंमत आणि दुकानदाराचे बोलणे, हे सगळे आवाजात मिसळते. बैलबाजारात शिंगे रंगवलेला, अंगावर झूल टाकलेला बैल जास्त दमदार दिसतो. म्हणून जाणता शेतकरी झूल काढतो, दात बघतो, औताला जुंपून पाहतो. माईकसेटची झूल मात्र आपण कधी काढत नाही.

ही झूल जाणकारांनाही फसवते. अमेरिकेत हार्मन नावाची स्पीकर बनवणारी कंपनी आहे. तिथल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. ४० जणांना ४ प्रकारचे स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआडून, एकदा समोर ठेवून. ऐकणारे त्याच कंपनीचे कर्मचारी होते आणि काहींना ऐकण्याचा चांगला सराव होता. त्यात एक संच लहान, स्वस्त डब्यांचा होता. पडद्याआडून त्याला चांगले गुण मिळाले. डोळ्यांसमोर येताच त्याचे गुण घसरले आणि मोठ्या, देखण्या स्पीकरांचे वधारले. स्पीकर तेच, कान तेच. मधला पडदा तेवढा गेला होता.

पडद्याची ही युक्ती आपल्या देशाला नवी नाही. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीवर कोणी गायचे हे ओळखीपाळखीने ठरते, अशी तक्रार त्या वेळी होती. केसकरांनी गायक-वादकांसाठी चाचणी सुरू केली. कलावंत दिसणार नाही, नाव कळणार नाही, परीक्षकांनी केवळ ऐकून गुण द्यायचे. या कामात पंडित श्रीकृष्ण रातंजनकर प्रमुख होते. मिळालेल्या श्रेणीवर कार्यक्रम आणि मानधन ठरे, म्हणजे हा पोटाचा प्रश्न होता. मोठा विरोध झाला. आयुष्यभर गाजलेल्या माणसाने पडद्यामागे बसून परीक्षा द्यावी, हा अनेकांना अपमान वाटला. पण जिल्ह्याच्या गावातल्या, मागे कोणी नसलेल्या गायकाच्या बाजूने पाहा. त्याच्यासाठी तो पडदा म्हणजे उघडलेले दारच होते.

त्याच चाचणीतून दुसराही धडा मिळतो. रातंजनकर हे भातखंड्यांचे शिष्य. परीक्षक पुस्तकी शास्त्रावर जास्त भर देतात, अशी परंपरेने शिकलेल्या उस्तादांची तक्रार होती. पडदा गाणाऱ्याचे नाव झाकतो, परीक्षकाच्या मनातले माप झाकत नाही. म्हणून आपण कशासाठी ऐकतो आहोत हे आधीच ठरवून घ्यावे लागते. भजनातला शब्द मागच्या रांगेत स्पष्ट पोचावा, की छातीत धडधड व्हावी? मंडळाने हे चाचणीआधी बोलून घ्यावे.

आता रीत सांगतो.

पहिली गोष्ट, दोन्ही दुकानदारांकडून सेट एका संध्याकाळपुरते मागून घ्या. एकाच जागी, एकाच उंचीवर, शेजारी-शेजारी ठेवा. पुढे पातळ धोतर किंवा लुगडे बांधा. सतरंजी किंवा घोंगडी नको. जाड कापडात टाळांचा बारीक आवाज अडकतो.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन्हींचा आवाज सारख्याच मोठेपणाचा करा. थोडा मोठा आवाज माणसाला जास्त चांगला वाटतो आणि फरक मोठेपणाचा आहे हे कळतही नाही. काही विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते. जो माल खपवायचा त्याची खुंटी ते किंचित पुढे ठेवतात. आता मोबाईलवर आवाज मोजण्याचे साधन मिळते. ते ऐकणाऱ्यांच्या जागेवर ठेवून दोन्हींचा आकडा जुळवा आणि मग खुंट्यांना हात लावू नका.

तिसरी, दोन्हींवर एकच ध्वनिमुद्रण लावा आणि ते तुमच्याच मंडळाचे असू द्या. खंजिरी, टाळ, पेटी आणि माणसाचा गळा त्यात असावा. दुकानात लावतात ती धडधडणारी गाणी तुम्हाला रोज वाजवायची नाहीत.

चौथी, पडद्यामागे एकच माणूस बसवा. तो प्रत्येक वेळी नाणे उडवील. छापा आला तर आधी पहिला सेट, काटा आला तर आधी दुसरा. एकच तुकडा एकेका सेटवर वाजवून "हा एक, हा दोन" एवढेच म्हणेल आणि वहीत क्रम टिपून ठेवील. असे १० वेळा करायचे. नाणे टाळून मनाने क्रम लावला तर ऐकणाऱ्यांना त्याची चाल सापडते. त्याच्या हालचालीचा, बटणाच्या खटक्याचाही सुगावा लागता कामा नये. परदेशात वाद्यवृंदासाठी वादक निवडताना असाच पडदा लावत. पण चालताना बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळे. म्हणून गालिचा अंथरावा लागला, बूटही काढायला लावले. एवढी काळजी घ्यावी लागते.

पाचवी, ऐकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही. "वा!" सुद्धा म्हणायचे नाही. गावात पाटील किंवा गुरुजी बोलले की बाकीच्यांचे कान त्यांच्या मागे जातात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यापुढे एक वाटी ठेवा. पहिला आवाज आवडला तर तुरीचा दाणा, दुसरा आवडला तर हरभऱ्याचा. प्रत्येक फेरीनंतर पडद्यामागच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी दाणे टिपून घ्यावेत.

आणि ऐकायला केवळ पुढारी मंडळी नकोत. बाया मागे बसून भजन ऐकतात, म्हातारी माणसे कोपऱ्यात बसतात. वय वाढले की बारीक, चढा आवाज कमी ऐकू येतो. ज्यांच्यासाठी सेट घ्यायचा त्यांचाच कौल घ्या, त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवून.

मग वही आणि दाणे जुळवून प्रत्येकाचा वेगळा हिशेब करा. १० पैकी ९ किंवा १० वेळा एकाच सेटला कौल पडला तर त्या माणसाची आवड खरी समजावी. काहीच फरक कळत नसताना नुसत्या नशिबाने असे घडण्याचा संभव १०० मध्ये सुमारे २ एवढाच असतो. ८ वेळा पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा १० फेऱ्या घ्या. सहा-चार, सात-तीन असे आकडे नाणे उडवूनही येतात, त्यावर २३ हजार रुपये जास्त घालवू नयेत.

बहुतेकांचे आकडे असेच आले, तर कानाचा प्रश्न संपला. मग जे कानाला कळत नाही ते पाहा. दुरुस्ती वर्ध्यात होते का? वीज गेली तर बॅटरीवर चालतो का? तासभर वाजवल्यावर किती तापतो? खोक्यावर "पीएमपीओ" म्हणून हजारो वॅट छापलेले असतील तर त्याकडे लक्ष देऊ नका. त्या आकड्याला ठरलेले माप नाही. "आरएमएस" वॅट किती, ते विचारा.

ही रीत गाण्याबजावण्याच्या दुनियेतच वापरतात असे समजू नका. तिचे एक मूळ शेतीच्या संशोधन केंद्रातच आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर काम करीत. तिथल्या म्युरिएल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंचे म्हणणे होते की कपात दूध आधी ओतले की चहा, हे मला चवीवरून कळते. वाद घालण्याऐवजी परीक्षा घ्यायचे ठरले. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात अशा परीक्षेची मांडणी दिली आहे: ८ कप, ४ एका रीतीचे, ४ दुसऱ्या रीतीचे, क्रम मिसळलेला. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याचा संभव ७० मध्ये १. घरी मुलांना ही परीक्षा करून दाखवा. गुळाचा आणि साखरेचा चहा घेऊ नका, तो कोणीही ओळखील. दोन कंपन्यांच्या पत्तीचा घ्या.

आपल्याकडे डॉ. विनायक पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनी हेच हिशेब शेतीच्या प्रयोगांसाठी मांडले. त्यांचा १९५४ चा ग्रंथ कृषी पदवीच्या आम्हा विद्यार्थ्यांच्या हाती असे. पीक उभे असताना बांधावरून नजरअंदाज करण्यापेक्षा चिठ्ठी टाकून प्लॉट निवडावा, कापावा, वजन करावे, हे त्यांच्या कामाचे सार.

तेव्हा माईकसेटचा निकाल लागला की तोच पडदा शेतात न्या. कपाशीवर फवारायला कोणी महागडे टॉनिक घेऊन आले, तर सगळ्या शेतावर मारू नका. चिठ्ठी टाकून काही तास निवडा, त्यावर टॉनिक मारा. बाकीच्या तासांवर त्याच पंपाने नुसते पाणी मारा. कोणते तास कोणते, हे घरच्या एकाच माणसाने लिहून ठेवावे. वेचणाऱ्या बायांना आणि वजन करणाऱ्याला ते सांगू नये. पैसे मोजून टॉनिक मारलेल्या तासाची बोंडे आपल्याला मोठीच दिसतात. तराजूला ती तशी दिसत नाहीत.

पवनारच्या मंडळींनी एवढे मात्र करावे. चाचणीच्या आधीच सर्वांनी मिळून ठरवावे की आकडे जे येतील ते मान्य. पडदा काढल्यावर कोणाचा अंदाज चुकला म्हणून त्याला हसू नये. हसलात तर पुढच्या वेळी कोणी पडद्यापुढे बसायला तयार होणार नाही. सेट लहान असो की मोठा, गुरुवारी भजनाला सगळे एका सतरंजीवर बसले पाहिजेत. काय निकाल लागला ते आकड्यांसह कळवा. दुसऱ्या गावांच्याही उपयोगी पडेल.