किरणोपचार आणि बुडालेले दिवस

कर्करोगाच्या उपचाराचा खर्च म्हटला की शस्त्रक्रियेची आणि औषधांची बिले आपल्या डोळ्यांसमोर येतात. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक खर्च दिसावयास हवा. तो म्हणजे उपचारापायी बुडालेल्या दिवसांचा. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग याचे बोलके उदाहरण होय. आपल्याकडे हा रोग विरळा; पण झाला तर पुष्कळदा तळपायावर होतो. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यास तो काळा डाग काट्याची जुनी जखम वाटतो, आणि जांघेत गाठ येईपर्यंत दवाखान्याची पायरी चढली जात नाही.

या गाठी शस्त्रक्रियेने काढल्यावर त्या जागी किरणोपचार द्यावेत काय? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांत २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ व २०१५ साली प्रसिद्ध झाले. किरणांच्या २० मात्रा दिल्याने त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. आयुष्य मात्र वाढले नाही. शिवाय जांघेवर किरण घेतलेल्यांच्या पायाची सूज वाढली. पुढे प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे आली, आणि आता किरणोपचार निवडक रुग्णांपुरतेच सुचविले जातात.

म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. जांघेत पुन्हा चिघळणारी गाठ टळणे हा लाभ लहान नव्हे. परंतु २० मात्रा म्हणजे सुमारे चार आठवडे, रोज काही मिनिटांचे काम. शहरातील कारकून ते कचेरीच्या वेळा सांभाळून उरकू शकेल. हिंगोलीच्या शेतमजुरास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठावयाचे तर अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक. त्याला महिनाभर बिऱ्हाडच हलवावे लागते. सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, आणि हळद काढणीचा हंगाम असेल तर वर्षाची मिळकतच हातची जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयाचे बिल भरते. बुडालेली मजुरी तिच्या हिशेबात नाही.

तेव्हा दोन गोष्टी व्हावयास हव्यात. लाभ किती, तोटा किती, हे डॉक्टरांनी रुग्णास त्याच्या भाषेत स्पष्ट सांगावे. आणि उपचारकेंद्राजवळ रुग्ण व सोबती यांच्या निवासाची सोय शासनाने करावी. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो. मराठवाड्यास असा आधार का असू नये? किरणोपचार घ्यावेत की नाही, हे रुग्णाने आपल्या देहाचा विचार करून ठरवावे. गावापासूनच्या अंतराने ते ठरू नये.