सडकेकडेची जमीन आणि शहराची वाढ

सोलापूर-हैदराबाद सडक चौपदरी झाल्यापासून तिच्या दोहों बाजूंच्या जमिनींकडे पाहण्याची दृष्टि पालटली आहे. ज्या रानाचें मोल पूर्वीं ज्वारी-हरभऱ्याच्या पिकावरून एकरीं ठरत असे, तें आतां गुंठ्यावर ठरूं लागलें आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर तोच. परंतु माप बदललें कीं पाठोपाठ मालकहि बदलतो, हें अणदूरसारख्या सडकेवरील गांवांतील प्रत्येक कास्तकारानें ध्यानांत घ्यावें.

ही भाववाढ येते कोठून? माती सुधारली म्हणून ती येत नाहीं. सडक सार्वजनिक पैशानें झाली, रहदारी वाढली, शहरांतील शिल्लक पैसा जागा शोधूं लागला. या सर्वांचें मोल जमिनींत सांचतें. त्यांतील पहिला लहानसा हप्ता विकणाराच्या हातीं पडतो, आणि पुढील सारे हप्ते घेणाराच्या घरीं जातात. लग्नकार्य, घरबांधणी व जुनें देणें यांत रक्कम संपते. जमीन मात्र परत येत नाहीं. मग ज्याच्या रानावर शहर वाढलें, तोच पुष्कळदां त्या शहरांत पहारेकरी होऊन राहतो.

याहून निराळा मार्ग आपल्याच महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांनीं दाखविला आहे. पुण्यानजीक हडपसर येथील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं श्री. सतीश मगर यांच्या पुढाकारानें आपली ४०० एकर किंवा त्याहून अधिक जमीन तुकड्यातुकड्यांनीं न विकतां एकत्र केली, कंपनी स्थापिली, आणि जितकी जमीन तितका हिस्सा असें ठरविलें. २००० सालच्या सुमारास मगरपट्टा वसाहतीचें काम सुरू झालें. घरें विकलीं गेलीं, कचेऱ्यांच्या इमारती भाड्यानें दिल्या गेल्या, आणि जमीनमालक त्या उत्पन्नाचे भागीदार राहिले. कित्येक घरांतील तरुणांनीं त्याच वसाहतींतील कामांचीं कंत्राटें घेऊन नवे धंदे उभारले.

अणदूर म्हणजे पुणें नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, व तो रास्त आहे. येथें तशा कचेऱ्या येणार नाहींत. परंतु तत्त्व लहान गांवासहि लागू पडतें. बांधाला बांध असलेल्या पांचदहा खातेदारांनीं एकविचारानें चालावें. विक्रीपेक्षां मुदतीचा भाडेपट्टा द्यावा, आणि ठराविक वर्षांनीं भाडें वाढेल अशी अट त्यांत घालून तो नोंदवून घ्यावा. गोदाम, डाळमिल यांसारख्या, आपल्याच तूर-सोयाबीनला मोल चढविणाऱ्या धंद्यांस जागा प्रथम द्यावी. सातबाऱ्यावर नांव असलेल्या लेकीबहिणींस विचारल्यावांचून बोलणें पुढें नेऊं नये.

आपला खंडोबा वर्षांतील कांहीं काळ अणदुरास व कांहीं काळ नळदुर्गास राहतो, आणि त्याच्या येण्याजाण्याचा लेखी करार दोन गांवांत होतो. देवाच्या बाबतींतहि जी दक्षता आपण सोडीत नाहीं, ती जमिनीच्या बाबतींत कां सोडावी?