भुताला जात, वस्तीला नाही

दोस्तहो, डोंबिवलीवर पिक्चर येतोय म्हटल्यावर कोळसेवाडीपासून दिव्यापर्यंतची आपली पोरं हरखली होती. २६ जानेवारी २०२२ ला 'झोंबिवली' लागला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. टॉवरात राहायला आलेला इंजिनिअर सुधीर जोशी, त्याची गरोदर बायको, टॉवरला खेटून झोपडपट्टी आणि तिथला पुढारी विश्वास. झोंबी अंगावर येतात. मी पोटभर हसलो. टॉवर आणि झोपडी यांच्यातलं पाण्याचं भांडण सिनेमात आहे, तेही खोटं नाही. पण विश्वासच्या वस्तीत राहतं कोण? कुठल्या दुष्काळातून, कुठल्या गावकुसाबाहेरून ही माणसं इथं आली? जातीचा उच्चार मला तरी ऐकू आला नाही. 'गरीब' म्हटलं की भागतं.

पिक्चर लागून साडेतीन महिने होत नाहीत तोच, ७ मे २०२२ ला, डोंबिवलीजवळ संदपच्या खदाणीत कपडे धुवायला गेलेले एकाच घरातले पाच जण बुडून मेले. घरी पाणी नव्हतं. तिथं झोंबी लागला नाही.

आता गंमत बघा. याच दिग्दर्शकाचा 'मुंज्या' जून २०२४ मध्ये आला. हिंदी, पण मुलूख आपला, कोकण. भूत, प्रेम, विनोद, सगळं एकात. शंभर कोटींवर धंदा केला. मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मेला, तो पोरगा. मुंज कुणाची होते? माझी झाली नाही, तुमचीही नाही. म्हणजे मेल्यावर पिंपळावर बसायचं तरी आधी जानवं पाहिजे! समंध त्यांचाच. खवीस म्हणे मुसलमानाचा. मसणवटे वेगळे तशी भुतांचीही वतनं ठरलेली. मेलेल्याची जात पडद्यावर सांगताना कुणाची जीभ अडत नाही. जिवंत वस्तीची सांगितली की मात्र सिनेमा जातीयवादी!

आपल्या वाट्याला जादू आली ती 'फँड्री'त. नागराज मंजुळेंचा जब्या काळ्या चिमणीमागं रानोमाळ धावतो. तिची राख शालूवर टाकली की ती आपल्यावर भाळेल, असं त्या पोराला वाटतं. याहून मोठी अद्भुत प्रेमकथा कुठली? पण चिमणी गावत नाही. वाट्याला डुक्कर येतं, आणि शेवटी हातात दगड. सिनेमा १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. २८ एप्रिलला नगर जिल्ह्यात, खर्ड्याला, सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला टांगलं. सवर्ण पोरीशी बोलतो, एवढाच संशय. २०१७ ला आरोपी सुटले.

म्हणून मंजुळेंनी रडवलं याची तक्रार मी करणार नाही. 'सैराट'चा शेवटही खराच होता. माझं भांडण वाटणीशी आहे. दुःखाचं कंत्राट आमच्याकडे आणि गंमतीचं त्यांच्याकडे, हे ठरवलं कुणी? त्यांचा हिरो धडपडतो, वेंधळेपणा करतो, पोरगी हसते, भूत मदतीला येतं, लग्न लागतं. आमच्या पोरानं पडद्यावर प्रेम करायचं तर सरण रचूनच करायचं का? आणि आपले पुरोगामी टीकाकार! आमच्या गोष्टीत रक्त सांडलं नाही तर त्यांना ती अस्सल वाटत नाही. साला, आम्ही हसतच नाही काय? चाळीच्या नळावर उभं राहून ऐका एकदा.

मला असा पिक्चर पाहिजे: कोळसेवाडीचा पोरगा, डोंबिवली पूर्वेची पोरगी, दाराला लोंबकळलेली सकाळची लोकल. ठाकुर्लीच्या बंद पडलेल्या चोळा पॉवरहाऊसमध्ये एक भूत. बॉयलरवर राबून मेलेला आपलाच कुणी आजा. त्याला मुक्ती नकोय, थकलेला ओव्हरटाइम हवाय, आणि नातवाचं जमवायचंय. पोरीच्या बापाला तो रात्रभर छळतो. नाव-आडनाव, गाव, जात सगळं उघड. शेवटी ठाण्याला रजिस्टर लग्न, साक्षीदाराच्या रकान्यात भुताचा अंगठा.

कुणी लिहिणार असेल तर पुढच्या अंकाच्या आत पानं पाठवा. जागा राखून ठेवलीय.