पुलाखालून एक चक्कर

शुक्रवारी ऑफिस सुटलं की आमची गाडी सुटते ती थेट कर्जतकडे. पनवेल, चौक, डावीकडे वळलं की आईच्या हातची भाकरी! पण परवा खालापूर तालुक्यातल्या एका जुन्या पुलावर अर्धा रस्ता बंद. चाळीस मिनिटं अडकलो, बॉस! मी हॉर्न बडवला, सिस्टीमला शिव्या घातल्या आणि घरी पोचल्यावर ताईवर वैतागलो. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, पुलांच्या दुरुस्तीचंच काम करते.

"उद्या चल. पुलाच्या खालून बघ," ती म्हणाली.

शनिवारी हेल्मेट घालून गेलो. ताईने एका गर्डरवर हातोडी मारली. टण्ण! दोन फूट पुढे मारली तर भद्द! "पोकळ," ती म्हणाली. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई सुरक्षित असते. पण वर्षानुवर्षं हवा आणि पाणी आत झिरपलं की ती गंजते. गंज सळईपेक्षा जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. बरं, पाणी येतं कुठून? वरच्या फाटलेल्या जॉइंटमधून आणि तुंबलेल्या पाइपातून. म्हणजे साध्या साफसफाईच्या कंटाळ्यातून!

मग उपचार. सुटं काँक्रीट तोडायचं, सळई घासायची, नवा थर द्यायचा. भेगांत इपॉक्सी भरायचं. ताकद कमी पडत असेल तर कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवायच्या किंवा बाहेरून केबल ताणायच्या. बेअरिंग बदलायला तर जॅक लावून अख्खा पूल काही मिलिमीटर उचलतात. सॉलिड ना?

"आणि हे सगळं नाही केलं तर?" मी विचारलं.

ताईने पणजीचं सांगितलं. तिथला मांडवी पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. वय वीस वर्षंही नव्हतं, आतल्या केबल गंजल्या होत्या. आपल्याच रायगडात, महाडला, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा पूल पडला. तो ब्रिटिशकालीन, दगडी. कारण वेगळं, पण दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. आणि आपला 'नवाकोरा' एक्सप्रेस-वे? तो २००२ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे त्याच्या पुलांचीही विशी कधीच उलटली.

मी गप्प झालो. गेल्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा रात्री दोन वाजता ह्याच पुलावरून त्यांना पनवेलला नेलं होतं. आठ मिनिटं उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या रात्री हा पूल बंद असता तर? किंवा नसताच तर?

रविवारी परतताना लाल झेंडीवाल्या पोऱ्याने पुन्हा थांबवलं. मी इंजिन बंद केलं, काच खाली केली. खालून हातोडीचा आवाज येत होता. टण्ण, टण्ण, भद्द. मागचा स्विफ्टवाला हॉर्नवर अक्षरशः झोपला होता.

मी उतरलो आणि त्याला म्हटलं, "दहा मिनिटं थांब रे. खाली पेशंट आहे."