महिन्यातले दोन दिवस

मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारले होते, "तुम्ही नेमके काय काम करता? सीए आहात म्हणावे तर रिटर्न भरत नाही, नोकरी म्हणावी तर रोज कुठे जात नाही." प्रश्न रास्त आहे. माझ्या अम्मीलाही अजून कळलेले नाही. शेजारणींना ती एवढेच सांगते की, "लोकांचे हिशेब बघते."

मोठ्या कंपनीत पैशाचा कारभार पाहणारा एक वरिष्ठ माणूस असतो, फायनान्स डायरेक्टर. त्याचा पगार छोट्या कारखान्याला झेपत नाही, पण गरज तर कारखान्यालाही असते. म्हणून आमच्यासारखे लोक पाच-सहा धंदे धरतात आणि प्रत्येकाला महिन्यातले दोन-तीन दिवस देतात. एकच मौलवीसाहेब पाच घरी मुलांना कुरआन शिकवायला जातात ना, तसेच. झालेले व्यवहार मुनीम लिहितो, त्यावरचा कर सीए भरतो. पुढच्या तीन महिन्यांत पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार, हे मालकाबरोबर बसून पाहायचे काम माझे.

मुंबईच्या उपनगरातली एक बेकरी सांगते, म्हणजे नीट कळेल. तीन भाऊ, मूळचे रायगडकडचे. वडिलांनी घातलेली लाकडाची भट्टी, पुढे त्यांनीच वाढवलेली दुसरी. रोज दहा पोती मैदा लागतो, साधारण १६ हजार पाव निघतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात सांगितले की, लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जावे. महापालिकेची नोटीस आली आणि धाकट्या भावाने मला फोन केला. दोन गॅस भट्ट्यांचे कोटेशन होते साडेअकरा लाखांचे. त्याने बँकेच्या कर्जाचा फॉर्म भरूनही ठेवला होता. थोरले भाई हाफिज-ए-कुरआन. ते म्हणाले, "अब्बांनी चाळीस वर्षे व्याजाचा पैसा भट्टीत घातला नाही. मी घालणार नाही. बंद करावी लागली तर करू." बेकरीत बावीस कारागीर. मधले भाऊ गप्प बसून होते.

पहिल्या दिवशी मी भट्टीकडे पाहिलेच नाही. कोटेशन वाचले. खाली बारीक अक्षरात होते, जीएसटी १८ टक्के वेगळा. म्हणजे आणखी २ लाख ७ हजार. भट्टीवाला म्हणाला होता, "तो तर परत मिळतो." मिळतो, पण ज्याच्या विक्रीवर कर लागतो त्याला. पावावर जीएसटी शून्य आहे. विक्रीवर करच नाही, तर खरेदीवरच्या कराची वजावट कशातून घेणार? या बेकरीत टोस्ट आणि केकची विक्री जेमतेम एक दशांश, तेवढ्या प्रमाणातच वजावट. म्हणजे २ लाख ७ हजारांतले वीस हजारांच्या आसपास सुटणार, बाकी खिशातून. खरी किंमत सव्वातेरा लाखांच्या पुढे. यंत्र घेणाऱ्या प्रत्येक बेकरीवाल्याने हे आधी विचारून घ्यावे.

मग उधारीच्या डायऱ्या काढल्या. हॉटेले, वडापावच्या गाड्या, किराणा दुकाने मिळून साठएक गिऱ्हाईक, प्रत्येकाचे पान वेगळे, बेरीज कुणीच केलेली नव्हती. बेरीज आली ७ लाख ४० हजार. त्यातले २ लाख ९० हजार तीन महिन्यांपेक्षा जुने. एका हॉटेलाचा तर मालक बदलून वर्ष झाले होते आणि पाव रोज जात होता.

दुसरा दिवस जड गेला. गल्ल्यातून तिन्ही घरांना पैसे जात होते, कोण किती नेतो याची नोंद नाही. आदल्या वर्षी थोरल्या भाईंच्या मुलीच्या लग्नाला चार लाख गेले होते. मधल्या भावाच्या मनात ते होते, तोंडावर नव्हते. मी म्हणाले, "हे चार लाख भाईंच्या नावावर उचल म्हणून लिहू आणि तिघांची घरखर्चाची रक्कम ठरवून टाकू." भाई दुखावले. "भावाभावांत लिखापढी? बेटी, आमच्यात तसे नाही."

मी वाद घातला नाही. एवढेच विचारले, "भाई, कुरआनातली सगळ्यांत लांब आयत कोणती?" हाफिजांना हे विचारणे म्हणजे आगाऊपणाच. सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग ओठातल्या ओठात आयत पढले आणि म्हणाले, "लिही. आणि वर माझी सहीपण घे." मधल्या भावाने पहिल्यांदा मान वर केली.

या धंद्यात शिकवण्याइतकेच शिकावेही लागते. मार्चची विक्री मी आदल्या मार्चशी ताडून पाहिली आणि चांगलीच घट दिसली. मी गंभीर चेहऱ्याने कागद पुढे ठेवला, तर भाई हसायला लागले. "गेल्या साली रमजान १२ मार्चला लागला होता, यंदा २ मार्चला. दिवसा हॉटेले थंड असतात, पाव कोण नेणार?" चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी आखूड, ही गोष्ट माझ्या संगणकातल्या तक्त्याला माहीत नव्हती. आता मुस्लिम वस्तीतल्या प्रत्येक धंद्याच्या तक्त्यात मी रमजान आणि दोन्ही ईदचा रकाना आधी आखते.

त्याच रमजानात जकातीचा विषय निघाला. वडिलांच्या काळापासून बेकरीची जकात म्हणून ११ हजार रुपये काढले जात. कशावरून, ते कुणाला ठाऊक नाही. भट्टी, यंत्रे, टेम्पो यांवर जकात नाही, कारण ती विकायची नाहीत. शिल्लक माल, रोकड आणि येण्याची खात्री असलेली उधारी धरायची, त्यातून द्यायचे देणे वजा करायचे. मैदा-साखर १ लाख २० हजार, चांगली उधारी ४ लाख ५० हजार, बँक आणि गल्ला ३ लाख १० हजार, मैदेवाल्याचे देणे २ लाख ३० हजार. उरले साडेसहा लाख. अडीच टक्क्यांनी १६,२५०. बुडीतात निघालेली उधारी कधी धरायची आणि तिघांचा वाटा वेगवेगळा कसा मोजायचा, हे इमामसाहेबांना विचारा म्हटले. तो माझा प्रांत नाही. मागच्या वर्षांची कमी पडलेली रक्कम भाईंनी स्वतः हिशेब करून नंतर दिली, मला सांगितलेसुद्धा नाही. वहीत दिसले.

आता पैसा. पावाचा दर दोन वर्षांत वाढवलेला नव्हता. "गरिबाचे खाणे आहे," भाई म्हणत. मी फक्त आकडा ठेवला: एका पावामागे २० पैसे म्हणजे दिवसाला ३,२००, महिन्याला ९६ हजार. निर्णय तुमचा. दोन दिवस ते बोलले नाहीत. मग त्यांनीच वाट काढली. वडापावच्या गाड्यांना आणि किरकोळीला जुनाच दर, हॉटेलांना २५ पैसे जास्त. हॉटेलांचा पाव रोज नऊ हजार, त्याचे महिन्याला ६७,५०० झाले. दोन हॉटेले तुटली, एक परत आले.

दोन्ही भट्ट्या एकदम घ्यायच्या नाहीत असे ठरले. एकच घेऊन तिच्यावर दोन पाळ्या. करासह ६ लाख ७८ हजार. भट्टीवाल्याशी मीच बोलले: निम्मे आता, उरलेले सहा हप्त्यांत, किंमत तीच, उशिराचे व्याज नाही. तो आधी तयार नव्हता. उधारीचा आणि येणाऱ्या पैशाचा आठवड्याआठवड्याचा कागद दाखवल्यावर झाला. हप्ता बसला ५६,५००. जुन्या उधारीतले १ लाख ९० हजार मधल्या भावाने दारोदार फिरून आणले, त्याने आगाऊ रक्कम सोपी झाली. धाकट्याने बँकेचा फॉर्म फाडला नाही, कपाटात ठेवला आहे. तोही चुकीचा नव्हता. नोटिशीची तारीख कुणासाठी थांबत नाही.

गॅसचे बिल मात्र माझ्या अंदाजापेक्षा जास्त आले. घरखर्चाच्या रकमा ठरलेल्या नसत्या, तर पहिला हप्ताच चुकला असता. आणि मी तिथे रोज नसते, हा या कामातला खरा तोटा. एका बुधवारी मैदेवाल्याने स्वस्त म्हणून ऐंशी पोती जास्त टाकली, रोकड अडकली, मला कळले ते शनिवारी. तेव्हापासून नियम केला की, पंचवीस हजारांवरचा कुठलाही खर्च आधी फोनवर.

फीबद्दल भगिनीने संकोचून विचारले होते. ही बेकरी मला महिन्याला १२ हजार देते. ज्याचा एकच गल्ला, उधारी नाही, भागीदार नाही, त्याने यावर पैसे घालवू नयेत. चांगला मुनीम पुरे. पण भागीदारी आहे, उधारी आहे आणि मोठी खरेदी समोर आहे, तिथे वेळीच माणूस बसवावा. आणि बी.कॉम., सीए इंटर करून घरी बसलेल्या आपल्या कितीतरी मुली आहेत. आधी कुठल्या तरी फर्ममध्ये चार-पाच वर्षे ताळेबंद हाताखालून जाऊ द्यावेत, मग हे काम मुले सांभाळूनही करता येते. मी तसेच केले.

दुसऱ्या भट्टीचे येत्या पहिल्या शनिवारी ठरवायचे आहे. तोवर मधल्या भाऊंना एक काम दिले आहे: त्या मालक बदललेल्या हॉटेलात जाऊन पाव कुणाच्या नावावर जातोय, ते विचारून या.