गटारात मेला तर ३० लाख, घरी मेला तर?

९ एप्रिल २०२४ रोजी विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत सांडपाणी प्रकल्पात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजीच बजावले होते. पण वीस वर्षे घाण उपसलेला एखादा सफाई कामगार पंचेचाळिशीत फुलपाड्यातल्या आपल्या खोलीत छातीत कळ येऊन गेला, तर? दाखल्यावर 'हार्ट अटॅक' लिहिले जाते. मयतीला आलेले म्हणतात, बिडी फार ओढायचा!

बिडी घातक आहेच. पण हिरड्यांतला पू, क्षय, एचआयव्ही असे जुनाट संसर्गही हृदयविकाराच्या वाढत्या धोक्याशी जोडलेले आहेत. जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला की शरीरात दाह धुमसत राहतो. रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर त्याने कमकुवत होऊन फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते. फिनलंडच्या डॉक्टरांनी १९८८-८९ मध्येच या संबंधाकडे बोट दाखवले होते.

म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणून खाऊ नका! प्रत्येकी सुमारे चार हजार हृदयरुग्णांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निकाल २००५ साली आले. त्या गोळ्यांनी झटके कमी झाले नाहीत. हिरड्यांच्या बाबतीतही संबंध दिसतो, कारण मात्र सिद्ध झालेले नाही.

कोर्टात नेमकी हीच फट मालकाच्या वकिलाला पुरते. एका ट्रक क्लीनरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की, कामावर असताना हृदय बंद पडले एवढे पुरेसे नाही, कामाच्या ताणाशी त्याचा संबंध पुराव्याने दाखवा. हा पुरावा विधवेने कुठून आणायचा? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडलेले रोग व्यवसायजन्य मानले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी आहे. क्षयाला तिथे दार उघडे आहे. वीस वर्षांनी येणाऱ्या झटक्याला नाही.

तेव्हा महापालिकेकडे मागणी करताना नुसते हातमोजे, गमबूट मागून थांबू नका. कंत्राटी कामगारांचीही दरवर्षी दात, थुंकी, रक्तदाब, साखर यांची तपासणी व्हावी आणि तिचा कागद कामगाराच्या हाती पडावा. क्षयाचे उपचार कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, हजेरीची प्रत घरात जपून ठेवा. कंत्राटदार बदलला की जुना हजेरीपट शोधून सापडत नाही.